धाब्यावर चढल्याशिवाय इसार देऊ नका

भडगावहून आम्ही बोलतोय, म्हणजे आमच्या बचत गटाच्या बाया. माइकसमोर एकीचाच आवाज असला तरी सांगणं सगळ्यांचं आहे. आणि यातली निम्मी अक्कल आम्हाला ठेच लागून आलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आखाजी झाली. झोके उतरले, माहेरवाशिणी परत गेल्या, सालदारांचे नवे करार ठरले. आता पाऊस पडेपर्यंतचा महिनाभर घरांच्या सौद्यांचा. कुणाला भाड्याचा कंटाळा आलेला असतो, कुणाच्या घरात वाटण्या झालेल्या असतात, कुणाचा मुलगा पुण्याला किंवा सुरतला स्थायिक झालेला असतो आणि गावातलं जुनं घर विकायला काढलेलं असतं. विकणाऱ्याला हा काळ फार सोयीचा. ऊन असं की भिंती कोरड्याठाक, ओल नावाला दिसत नाही, वरून ताज्या रंगाचा हात मारलेला. आपण जातो, मोठी खोली बघतो, देवघराचा कोनाडा बघतो, नळ सोडून बघतो आणि म्हणतो, छान आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही असंच म्हटलं होतं.

आमच्या गटातल्या एका ताईने जुन्या गावात घर घेतलं. धाब्याचं घर, पुढे ओटा, आत दोन खोल्या. गटाने कर्ज दिलं. कर्ज देताना आम्ही काय तपासलं? तिची बचत नियमित आहे का, हप्ता फेडेल का, जामीन कोण. घर बघायला आमच्यातली एकही गेली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी झड लागली होती तेव्हा, रात्री मधल्या खोलीची तुळई खचली आणि धाब्याचा कोपरा मातीसकट खाली आला. मुलं पुढच्या खोलीत झोपली होती म्हणून वाचली. पण त्यानंतरचं वर्ष त्या घराने खाल्लं. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे लाकडात आणि पत्र्यात गेले. हप्ते थकले. बैठकीत कुणीतरी टोचून बोललं आणि ताईने यायचंच सोडलं. टोचून बोलणारी आमच्यातलीच होती. आणि घर न बघता सह्या करणाऱ्या आम्ही सगळ्या होतो.

तेव्हापासून गटात एक रीत पडली. घरासाठी कर्ज मागितलं की आधी चार-पाच जणी जाऊन घर बघायचं आणि दुरुस्तीचा खर्च कागदावर मांडायचा. तो कागद समोर ठेवूनच भाव बोलायचा आणि मगच इसार. इसार देऊन झाल्यावर सापडलेला दोष आपल्या डोक्यावर बसतो, आधी सापडला तर तो भावातून कापून घेता येतो. एवढाच फरक आहे, पण आमच्यासारखीच्या आयुष्यात तो लाख-दीड लाखाचा आहे.

या वर्षी दुसऱ्या एका ताईने घर बघितलं. ती एकटी आहे, शिलाई करते, मुलगा बारावीला आहे. बारा वर्षं भाड्याने राहिली. घराचे सव्वासहा लाख सांगितले होते. पुढे ओटा, मग दहा बाय बाराच्या दोन खोल्या धाब्याच्या, मागे पंचवीस वर्षांपूर्वी टाकलेल्या स्लॅबची एक खोली आणि मोरी. रंग नवा, दारांना पॉलिश. आम्ही सहा जणी गेलो. सहावी होती ती, जिचं धाबं पडलं होतं. दोन वर्षांनी ती पहिल्यांदा आमच्याबरोबर बाहेर पडली. दारात शिरण्याआधी तिने विचारलं, "शिडी कुठे आहे?"

दलाल हसला. म्हणाला, वर काय बघायचं, वर आभाळ आहे. शेजारून शिडी आणली, ती वर चढली आणि तिथूनच ओरडली, "माय वं, आख्खं शेत आहे इथं!"

झालं होतं असं. धाब्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर लाकडाच्या फळ्या किंवा काड्या-तुराट्या, मग पाला आणि वर माती. दर वर्षी पावसाच्या आधी गळती बंद करायला वर नवी माती टाकायची. जुनी मात्र कुणी काढत नाही. तीस-चाळीस वर्षं असं चाललं की वीतभर थराचा दीड फूट होतो. या घरावर दीड फूटच होता, आम्ही सळई खुपसून मोजला. ताईच्या मुलाने वहीवर हिशोब केला. दहा बाय बाराची खोली, दीड फूट माती, म्हणजे एकशे ऐंशी घनफूट. एका घनफुटाला कोरडी माती पंचेचाळीस किलो धरली तरी आठ हजार किलो. आठ टन! ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या माती एका खोलीच्या डोक्यावर, आणि पावसात भिजली की त्याहून जास्त. पन्हाळी निम्म्या बुजलेल्या, त्यामुळे पाणी उतरायला वाट नाही. काठाला पिंपळाचं रोप फुटलेलं. पिंपळाला कुणी हात लावत नाही, पण त्याचं मूळ भिंतीत उतरलं की भिंत उकलते.

इथे किल्लारीची आठवण काढायलाच हवी. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आमच्यातल्या काही तेव्हा शाळेतही जात नव्हत्या, पण घरात मोठी माणसं बोलत ते ऐकलं आहे. लातूर-धाराशिवकडे आपल्या धाब्याला माळवद म्हणतात. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. जमीन हलली तेव्हा भिंतीतले दगड सुटले आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. नंतर उभ्या राहिलेल्या घरांना बळकटी कशी द्यायची ते शिकवलं गेलं, त्यात एक काम होतं छतावरची माती कमी करणं. दुसरं, दगडी भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात, ते एकमेकांना धरून राहावेत म्हणून आरपार जाणारे बांधदगड बसवणं. आपल्याकडे उद्या भूकंप होईल असं भिववायचं नाही. पण आमच्या ताईच्या धाब्याला पडायला भूकंप लागला नव्हता, एक झड पुरली.

खाली आलो. आता तुळया. नुसत्या बघून लाकूड कळत नाही, पॉलिश मारलं की सगळंच सागवान दिसतं. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे बघा. ओल तिथेच मुरते, उधई तिथेच लागते. आम्ही पेचकस घेऊन जातो. टोकाजवळ रोवायचा. चांगलं लाकूड पेचकसाला आत येऊ देत नाही आणि ठोकलं तर टणक आवाज येतो. पोकळ लाकडात तो लोण्यात शिरावा तसा शिरतो. या घरातल्या सहा तुळयांपैकी दोन अशा निघाल्या. मालकाचा चेहरा पडला. खरं तर त्यालाही माहीत नसावं, तो वीस वर्षं या घरात राहिलाच नव्हता. विकणारा दर वेळी लबाड असतो असं नाही, कधी कधी त्यालाच आपलं घर माहीत नसतं.

पण एक गोष्ट पुरुषांच्या नजरेला सहसा येत नाही, ती सांगतो. मधल्या खोलीत शहाबादी फरशी होती. तिच्यावर गंजाची गोल वर्तुळं. एक खिडकीजवळ, दोन मधोमध, एक दाराच्या आड. दलाल म्हणाला, पिंपं ठेवत असतील. आम्ही एकमेकींकडे बघितलं. कोणती बाई खोलीच्या मधोमध पिंप ठेवते? ते गळतीखाली ठेवलेले पत्र्याचे डबे होते, पावसाळ्यामागून पावसाळे त्याच जागी. नव्या रंगाने छत झाकलं, फरशी बोलली.

मग आम्ही शेजारच्या आजीकडे पाणी प्यायला गेलो. हा आमचा आवडता भाग. तिने मागच्या पावसाळ्यातली सगळी हकिगत सांगितली, पाणी कोणत्या भिंतीवरून आलं, मोरीचं पाणी कुणाच्या दारात जातं, त्यावरून भांडण कधी झालं. दोन घरांमधली भिंत सामाईक आहे हेही तिथेच कळलं. सामाईक भिंत असली की तिच्यात नवी तुळई घालताना, तिच्यावर पत्रा टेकवताना शेजाऱ्याशी बोलावं लागतं. पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं हे आधी ठरलेलं बरं, नाहीतर पहिल्या पावसालाच तोंड बंद होतं.

भिंतींचं थोडं निवांत सांगतो, कारण इथे पैसे फुकट जातात. या घराच्या भिंती खाली कमरेइतक्या दगडाच्या, वर मातीच्या. कुणीतरी हौसेने चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची भिंत ओल घेते आणि सोडतेही, शेणामातीचा किंवा चुन्याचा हात तिला श्वास घेऊ देतो. सिमेंटने तिचं तोंड बंद होतं. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला जागा नाही, मग ती सिमेंटच्या मागे साचते, माती मऊ होते आणि सिमेंटच्या वरच्या कडेपाशी पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुलतो. नव्या रंगाला हाताने चोळलं तर लोण्याची पूड बोटाला लागते. बोटांच्या पेरांनी ठोकत गेलो तर गिलावा जागोजागी बद्द वाजला. वरून टणक दिसणारी भिंत आतून सुटलेली. अशा भिंतीवर परत सिमेंट मारून उपयोग नाही, काढावंच लागतं.

ज्यांची घरं नदीनाल्याकाठी आहेत त्यांनी आणखी एक विचारायचं, पाणी कुठवर आलं होतं? गिरणेकाठची माणसं हे सांगतात, पण आपण विचारलं तर. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. मातीची भिंत पाण्यात उभी राहिली की त्याच दिवशी पडते असं नाही. पाणी ओसरल्यावरही ती आतून मऊच असते आणि नंतर बसते.

आता जमीन. जुनी माणसं गावाला पांढरी म्हणायची आणि शेताला काळी. ते उगीच नव्हतं. कपाशीची काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हात आक्रसते. चैत्र-वैशाखात शेतातल्या भेगांत हात जातो, ते आपण पाहतोच. तीच जमीन घराखाली असली की घरही दर वर्षी वर-खाली होतं. म्हणून गावाबाहेर प्लॉट पाडून बांधलेलं दहा-पंधरा वर्षांचं स्लॅबचं घर जुन्या गावातल्या पन्नास वर्षांच्या घरापेक्षा जास्त तडकलेलं दिसू शकतं. तसं घर घेणार असाल तर पाया मुरमापर्यंत नेला होता का, हे बांधणाऱ्या मिस्तरीला शोधून विचारा. पांढरीतही सगळं आलबेल नसतं. घुशींनी पोखरलेलं असतं, आणि जुन्या घरांच्या खाली कधी कधी धान्याचं पेव असतं, वरून फरशी घातलेली. फरशीवर टाच आपटत चाला, आवाज बदलला की थांबा.

भेग दिसली की घाबरूही नका आणि सोडूही नका. गिलाव्याच्या केसासारख्या भेगा सगळ्या घरांना असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र पाया खचल्याचं सांगते. आमचं माप सोपं आहे, रुपयाचं नाणं कडेने आत गेलं तर मिस्तरीला दाखवायचं. भेग जुनी आणि थांबलेली की अजून वाढते आहे हे ओळखायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवतात आणि तारीख लिहितात. पट्टी फुटली तर घर अजून हलतंय. या ताईच्या घरात मागच्या खोलीला अशी तिरपी भेग होती. कारण सापडायला वेळ लागला नाही. मोरीचा पाईप भिंतीलगत फुटलेला होता आणि कित्येक वर्षं पाणी पायातच मुरत होतं. आधी पाणी बंद करायचं, जमीन वाळू द्यायची, मग भेग भरायची. उलट केलं तर दर वर्षी तीच भेग भरत बसावं लागतं.

मागचा स्लॅब खालून बघितला तर पाण्याच्या टाकीच्या बरोबर खाली तांबूस डाग. बांबूने ठोकलं, तिथे पोकळ वाजलं. आतली सळई गंजली की ती फुगते आणि खालचं सिमेंट ढकलून पाडते. तेवढा भाग फोडून, सळई घासून नीट करता येतो, पण सळई निम्मी झिजली असेल तर तो स्लॅब गेला समजायचं. इथे झिजली नव्हती.

विजेचं थोडक्यात. लाकडी पट्टीवरच्या वायरी, चिनी मातीचे फ्यूज, अर्थिंगचा पत्ता नाही. हे सगळं बदलायचं, इथे काटकसर नाही. झटका बसताच वीज तोडणारा ईएलसीबी आणि नीट अर्थिंग पहिल्या दिवशी हवं. ओल्या मातीच्या भिंतीत उतरलेला करंट हात लावल्याशिवाय कळत नाही.

मग मिस्तरी बोलावला. विकणाऱ्याचा नाही, दलालाचा नाही, आपला. पाचशे रुपये घेतो, ते घ्यावेत. त्याने आधी फुकटचा सल्ला दिला, "ताई, सगळं पाडा आणि स्लॅब टाका." अर्धा गट लगेच हो म्हणाला. स्लॅबची हौस आम्हा सगळ्यांना आहे, नाकारून काय उपयोग. पण मातीच्या भिंतीवर स्लॅबचं ओझं टाकता येत नाही, त्यासाठी खालपासून नवं घर बांधावं लागतं आणि तेवढे पैसे असते तर ताई जुनं घर कशाला बघती? शिवाय आपल्याकडचा मे महिना. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा धाब्याखालच्या खोलीत माणूस झोपू शकतं, नुसत्या पत्र्याखाली भाकरी भाजल्यासारखं होतं. खूप वाद झाला. शेवटी ठरलं की धाबं ठेवायचं, पण पातळ करायचं. दीड फुटाची माती वीतभर करायची, सडलेल्या दोन तुळया बदलायच्या, आणि पाऊस धाब्यावर पडूच नये म्हणून वर लोखंडी अँगलवर पत्रे टाकायचे, वादळात उडणार नाहीत असे घट्ट आवळून.

कागद असा झाला. माती उतरवणं १८ हजार. तुळया, अँगल आणि पत्रे ६२ हजार. सिमेंट काढून चुन्या-मातीचा गिलावा २४ हजार. स्लॅबची डागडुजी २२ हजार. मोरीचा पाईप आणि शोषखड्डा १६ हजार. वीज २१ हजार. झाले १ लाख ६३ हजार. जुनं घर उघडलं की आतून काहीतरी निघतंच, म्हणून वर २० हजार. एकूण १ लाख ८३ हजार.

तो कागद मालकापुढे ठेवला. आम्ही आवाज चढवला नाही, त्यालाच शिडीने वर नेलं, तुळईत पेचकस रोवून दाखवला. दलाल म्हणाला, बायांना घरातलं काय कळतं. यावर मालकच त्याला म्हणाला, तू गप बस. तीन बैठका झाल्या. सव्वासहाचे ४ लाख ९५ हजारांवर आले. सगळा खर्च त्याने सोसला नाही, सोसणारही नव्हता. एक लाख तीस हजार सुटले. त्या आधी एकदा असंही झालं होतं की मालक अडून बसला आणि ताई म्हणाली, जाऊ दे, घेऊन टाकू. तेव्हा आम्ही तिला हाताला धरून घरी आणलं. बारा वर्षं भाडं भरलेल्या बाईला स्वतःचं दार दिसलं की तिचा हिशोब सुटतो. आम्ही असतो तर आमचाही सुटला असता. म्हणूनच एकटीने भाव बोलायला जाऊ नये.

कागदपत्रांचं भरभर सांगतो, त्यावर वेगळं बोलता येईल. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा घरपट्टीचा कागद आहे, त्यावर नाव असलं म्हणजे मालकी झाली असं नाही. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, तुमच्या गावाची पत्रिका झाली असेल तर ती मागा आणि टेप लावून मोजा. दुय्यम निबंधकाकडचा जुना शोध वकिलाकडून घ्या, बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा तिथे दिसतो. वाटणी झालेली असली तर बहिणींच्या सह्या आहेत का ते बघा, आपण बायाच हे विसरलो तर कोण बघणार. आणि खरेदीखत नोंदणी करूनच, नोटरीच्या कागदावर घर आपलं होत नाही. घरकुलाच्या यादीत नाव असेल तर पक्कं घर घेण्याआधी ग्रामसेवकाला विचारून घ्या.

नाव कुणाचं लावायचं, यावर तर आमची एक पूर्ण बैठक झाली होती. १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सोबत नवऱ्याचं नाव लावलं की ती मिळत नाही. आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पुरुषांनी आपण होऊन बायकांच्या नावावर जमिनी केल्या होत्या. आपल्या घरात ही गोष्ट काढली तर लोक अजून हसतात. मग त्यांना विटनेरचं सांगा. या ताईचं घर तिच्या एकटीच्या नावावर झालं.

आता तिच्याकडचा पैसा. स्वतःचे ३ लाख ६० हजार, गटाचं आणि बँक जोडणीचं मिळून २ लाख. घर आणि नोंदणीचा खर्च जाऊन ३५ हजार उरले. दुरुस्ती एक लाख ८३ हजारांची! म्हणजे सगळं एकदम होणार नाही. इथे बहुतेक घरी रंग आणि फरशी आधी होते, कारण पाहुण्यांना तेच दिसतं. आम्ही क्रम असा लावला की पावसाआधी माती उतरवायची, सडक्या तुळयांना लोखंडी टेकू द्यायचे, धाब्यावर ताडपत्री पसरायची, मोरीचा पाईप बदलायचा, अर्थिंग आणि ईएलसीबी बसवायचा. टाकी स्लॅबवरून खाली घ्यायची आणि सुटलेला भाग पाडून टाकायचा, म्हणजे अंगावर पडणार नाही. या पावसाळ्यात मायलेक मागच्याच खोलीत राहतील, पुढच्या दोन खोल्यांत कुणी झोपायचं नाही. तुळया आणि पत्रे दिवाळीनंतर. गिलावा त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. माती उतरवायच्या मजुरीतला मोठा भाग आम्ही श्रमदानाने वाचवतोय, म्हणून ३५ हजारांत हे बसतंय, तेही जेमतेम. लोक म्हणतील, पाच लाखांचं घर घेतलं आणि ताडपत्री काय लावली. म्हणू देत.

जिचं धाबं पडलं होतं ती ताई आता बैठकीला येते. तिचे सहा हप्ते अजून बाकी आहेत. टोचून बोलणारीने तिची माफी मागितली का, हे आम्हाला माहीत नाही, पण परवा शिडी धरायला तीच उभी होती.

सोमवारी माती उतरवायला सुरुवात आहे. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, आम्ही टोपल्या-फावडी घेऊन जातोय. ही जुनी पांढरी माती शेताला चांगली, म्हणून एका शेतकऱ्याने ती मागितली आहे. ट्रॉलीचं भाडं तोच देणार आहे. ज्यांना धाबं आतून कसं असतं ते बघायचं असेल त्यांनी जरूर यावं, फक्त एका वेळी तिघींपेक्षा जास्त वर चढायचं नाही आणि तुळईच्या रेषेवरच पाय ठेवायचा.